युद्धात पडलेलं विमान आणि त्याचा पायलट: शोध कसा घ्यायचा, पायरीपायरीने

ओळखीतलं कुणी ना कुणी दर थोड्या दिवसांनी एक फोटो पाठवतं. गणवेशातले आजोबा नाहीतर आजीचा भाऊ, मागे पुसट झालेलं विमान, आणि खाली प्रश्न, "हे बर्मात विमानातून पडले म्हणतात, कुठे ते कळेल का?" कळतं, बऱ्याचदा कळतं, पण लोक पहिल्याच दिवशी गूगल मॅप उघडून जंगलात विमान शोधायला बसतात आणि तिथेच सगळं फसतं. क्रम असा हवा: आधी माणूस, मग तारीख, मग युनिट, मग विमानाचा नंबर. जमीन सगळ्यात शेवटी.

दुसरं म्हणजे विमानाचं काय झालं आणि पायलटचं काय झालं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कागद वेगळे, ते ठेवणारी ऑफिसं वेगळी, कधीकधी तारखासुद्धा वेगळ्या. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वेगळे फोल्डर करा, एक विमानाचं, एक माणसाचं. हे ऐकायला फालतू वाटतं पण निम्म्या चुका इथेच वाचतात.

उदाहरणाला मी मुंबईचे वेलिंकर घेतोय. श्रीकृष्ण वेलिंकर, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट झालेल्या मोजक्या भारतीयांपैकी एक, बाकीचे म्हणजे हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन. २३ स्क्वाड्रनमध्ये (स्क्वाड्रन म्हणजे हवाई दलाची तुकडी) सॉपविथ डॉल्फिन नावाचं लढाऊ विमान उडवायचे, जून १९१८ च्या शेवटी फ्रान्समध्ये गस्तीवरून परत आले नाहीत, जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला वारले. कबर हँगार्ड या गावात, अमिएँ शहराच्या आग्नेयेला. आता बघा, या एका केसमध्येच विमान पडण्याची तारीख आणि माणूस जाण्याची तारीख एक नाहीये.

## १. घर आधी, इंटरनेट नंतर

घरातली ट्रंक, देवघराचा कप्पा, आत्याकडची पिशवी, सगळं काढा. काय शोधायचं? फोटोच्या मागचा मजकूर, घरी आलेली तार, पेन्शनचे कागद, पत्रांवरचा पत्ता (बहुतेक वेळा फक्त युनिटचं नाव आणि पोस्टाचा कोड असतो, तोच सोन्यासारखा), आणि पदकं. पदकाच्या कडेवर बोट फिरवा, भारतीय जवानांना दिलेल्या पदकांवर बहुतेक नाव आणि सर्व्हिस नंबर कोरलेला असतो. हा नंबर मिळाला तर अर्धं काम झालं समजा कारण नावाचं स्पेलिंग बदलतं, नंबर बदलत नाही. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा, शिपायाचा पुढे ऑफिसर झाला की नंबर नवीन मिळायचा.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला, रेकॉर्डिंग ऑन ठेवून. प्रश्न मोकळे विचारा. "ते बर्मात पडले ना?" असं विचारलंत की उत्तर "हो" येणार, कुणाच्याही आजीकडून. त्याऐवजी "बातमी कशी आली, कोण घेऊन आलं, तेव्हा पाऊस होता का, कुठला सण जवळ होता" असं विचारा. एकदा एका घरी तारीख कुणालाच आठवत नव्हती पण "गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तार आली" हे पक्कं आठवत होतं, जुनं पंचांग काढून तारीख दोन मिनिटांत मिळाली.

तपासून बघा: ते खरंच पायलट होते का? राग मानू नका, पण बऱ्याच घरांत "एअर फोर्समध्ये होते" याचं दोन पिढ्यांत "पायलट होते" होतं. फोटोत छातीवर डाव्या बाजूला दोन पंखांचा बिल्ला असेल तर पायलट. एकच पंख आणि शेजारी गोलात अक्षर असेल तर विमानातला दुसरा कुणीतरी, 'एन' म्हणजे नॅव्हिगेटर, 'एजी' म्हणजे गनर. पंखच नसतील तर फिटर, रिगर, वायरलेस मेकॅनिक अशी जमिनीवरची नोकरी असण्याची शक्यता जास्त. ते सुद्धा विमानात बसून जायचे आणि अपघातात जायचे, पण मग ते नाव पायलटांच्या यादीत सापडणारच नाही आणि तुम्ही सहा महिने उगाच चुकीच्या यादीत डोकं घालून बसाल.

## २. नावाची सगळी रूपं लिहून काढा

ही पायरी लोक कंटाळून सोडतात. ब्रिटिश क्लार्कला आपली नावं ऐकून लिहायला लागायची आणि तो त्याला जमेल तसं लिहायचा. मराठी 'व' ला कधी डब्ल्यू कधी व्ही, 'ई' ला कधी एक आय कधी दोन ई, 'श' मधला एच गायब, 'ळ' चा तर प्रश्नच नाही, तो सरळ एल होतो. वेलिंकरांच्याच नावात मधला शब्द कुठे चंदा दिसतो, कुठे चुंडा. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी पडणं, आडनाव गायब होणं, गावाचं नाव आडनाव म्हणून लागणं, हे सगळं होतं.

कागदावर निदान आठ-दहा स्पेलिंग लिहा आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये सगळी टाकून बघा, जिथे अर्धा शब्द टाकून शोधता येतं तिथे पहिली चारच अक्षरं टाका. गावांचीही जुनी स्पेलिंग ठेवा, पुणे नाही पूना, ठाणे नाही थाना.

हा त्रास काही जुन्या काळापुरताच नाही. १९७१ च्या युद्धात ३२ स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबरला सुखोई-७ घेऊन शोरकोटवर गेले आणि परतले नाहीत, त्यांचं नाव पकडलेल्या वैमानिकांमध्ये एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात आलं ते 'टॉम्बे' म्हणून. एका स्वराच्या फरकाने आयुष्यभराचा प्रश्न उभा राहतो.

## ३. मृत्यूची नोंद पक्की करा

ब्रिटिश किंवा ब्रिटिश काळातल्या भारतीय दलांसाठी पहिला थांबा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेचा, डेटाबेस. फुकट आहे, ऑनलाइन आहे. त्यांच्या हद्दीत येणाऱ्या तारखा ठरलेल्या आहेत: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे १९४६ साली साध्या ट्रेनिंगमध्ये गेलेला माणूसही इथे सापडू शकतो, आणि १९४८ मध्ये काश्मीरमध्ये गेलेला सापडणार नाही, तो वेगळा रस्ता, त्याबद्दल खाली.

शोधताना "एअर फोर्स" फिल्टर लावायची घाई करू नका. भारतीय पायलट इंडियन एअर फोर्समध्ये असू शकतो, तिच्या व्हॉलंटियर रिझर्व्हमध्ये असू शकतो, किंवा थेट रॉयल एअर फोर्समध्ये. पहिल्या महायुद्धात तर आणखी गंमत, १ एप्रिल १९१८ च्या आधी रॉयल फ्लाइंग कोअर आणि त्यानंतर रॉयल एअर फोर्स, एकाच माणसाचे कागद दोन्हीकडे विखुरलेले.

नोंद मिळाली की फक्त पान बघून बंद करू नका. खाली मूळ कागदांचे स्कॅन असतात, कबर नोंदणीचा रिपोर्ट, दगडावर काय कोरायचं त्याची यादी, आणि सगळ्यात कामाचा म्हणजे कबरी एकत्र आणल्याचा तक्ता. तो डाउनलोड कराच, का ते लगेच सांगतो.

थांबा: दफनभूमी म्हणजे विमान पडलं ती जागा नाही. ही सगळ्यात मोठी चूक, मीही केलीय, एका केसमध्ये दफनभूमीच्या आसपासची गावं नकाशावर पिंजत दोन महिने घालवले आणि माणूस मुळात तिथे आणला गेला होता युद्ध संपल्यावर. युद्धानंतर रानावनातल्या, शेतातल्या सुट्या कबरी उकरून मोठ्या दफनभूमीत हलवल्या गेल्या. हँगार्डची जिथे वेलिंकर आहेत ती वाढीव दफनभूमी ऑगस्ट १९१८ मध्ये कॅनडियन सैन्याने सुरू केली, म्हणजे वेलिंकर गेल्यानंतर! नंतर आजूबाजूच्या रणांगणातल्या कबरी तिथे आल्या. तारखा शेजारी ठेवल्या की लगेच कळतं की ३० जूनला त्यांना तिथे थेट पुरलेलं असणं शक्य नाही.

आपल्या पुण्यातलंच बघा ना. खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, आणि ती दफनभूमी केलीच मुळी पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कबरींची देखभाल होणार नव्हती तिथल्या कबरी आणून ठेवायला. त्यामुळे खडकीत कबर आहे म्हणून विमान लोहगावला पडलं असं कुणी म्हटलं तर मान हलवू नका, कागद मागा.

वर म्हटलेला तो एकत्रीकरणाचा तक्ता इथे कामाला येतो, कारण त्यात मृतदेह आधी कुठे होता त्याचा नकाशा संदर्भ लिहिलेला असतो.

कबर नाही म्हणजे बेपत्ता नाही. आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. हिंदू आणि शीख जवानांचं दहन व्हायचं, मग कबर कुठून असणार? त्यांचं नाव स्मारकावर जातं. सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर २४,००० च्या वर नावं आहेत, आशियाच्या या सगळ्या भागात गेलेले आणि कबर नसलेले वैमानिक तिथेच बघायचे. दिल्ली आणि कराचीच्या स्मारकांवर अविभाजित भारतातले २५,००० हून जास्त जण आहेत. युरोपवर उडताना गेलेले इंग्लंडमधल्या रनिमीडला, २०,००० च्या वर. नुसतं स्मारकाचं नाव बघून "यांचं शरीर सापडलंच नाही" असं घरच्यांना सांगून मोकळं होऊ नका, दहन झालं होतं का ते आधी बघा.

## ४. स्क्वाड्रनची डायरी वाचा

आता हातात नाव, नंबर, तारीख, युनिट आहे. यातलं युनिट नसेल तर पुढे जाऊ नका, परत पायरी एकवर. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन फुकट शोधता येतं, ऑफिसरांच्या नेमणुका आणि बढत्या त्यात असतात, युनिटचं नाव बहुतेक नसतं पण रँक आणि तारखा पक्क्या होतात. पहिल्या महायुद्धातल्या ऑफिसरांसाठी ब्रिटिश नॅशनल अर्काइव्हजमधली, म्हणजे तिथल्या सरकारी अभिलेखागारातली, 'एअर ७६' मालिका (तिथे कागद असे अक्षर-आकड्याच्या मालिकांत लावलेले असतात), आणि लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने ऑनलाइन टाकलेले कॅज्युअल्टी फॉर्म. या फॉर्मचं नाव वाचून दचकू नका, तेव्हा 'कॅज्युअल्टी' मध्ये बदली, रजा, हॉस्पिटल सगळंच यायचं, माणूस जखमी झालाच असं नाही.

दुसऱ्या महायुद्धासाठी 'एअर २७' म्हणजे स्क्वाड्रनच्या डायऱ्या, ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, ही लंडनमधल्या क्यू इथल्या त्याच नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि बरीच पैसे भरून डाउनलोड करता येतात. कॅटलॉग बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी कॅटलॉगमध्ये स्क्वाड्रन नंबर आणि महिना टाकून नेमका तुकडा ठरवा आणि मगच पैसे भरा.

यात दोन फॉर्म असतात आणि लोक एकच घेतात. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा, आज काय झालं, हवामान कसं, कोण आलं कोण गेलं. फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाची ओळ, विमानाचा नंबर, क्रू, किती वाजता वर, किती वाजता खाली. जो परत आला नाही त्याचा "खाली" चा रकाना रिकामा. पहिल्यांदा तो रिकामा रकाना बघितलात की दोन मिनिटं काहीच सुचत नाही, पण मग पुढची पानं वाचायला घ्या. त्या दिवसाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा निदान महिनाभर वाचा कारण परत आलेला साथीदार, गावकऱ्यांकडून आलेली खबर, सापडलेला अवशेष हे सगळं नंतर नोंदलं जातं.

पहिल्या महायुद्धाचे स्क्वाड्रन कागद 'एअर १' मध्ये, तिथे असं नीटनेटकं काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, एकेका बॉक्समध्ये काहीही असतं.

शब्दांचा अर्थ नीट लावा. "मिसिंग" म्हणजे परत आला नाही, इतकंच. "मिसिंग, बिलिव्ह्ड किल्ड" म्हणजे कुणीतरी पडताना पाहिलंय पण खात्री नाही. "प्रिझ्यूम्ड" म्हणजे ठरावीक काळ, दुसऱ्या महायुद्धात साधारण सहा महिने, काहीच कळलं नाही म्हणून कागदावर मृत्यू धरला. "किल्ड इन ॲक्शन" म्हणजे लढताना आणि "किल्ड ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस" म्हणजे बहुतेक अपघात. हा शेवटचा फरक न समजल्यामुळे लोक जपानी विमान शोधत बसतात आणि इथे बिचाऱ्याचं इंजिन बंद पडलेलं असतं.

## ५. विमानाचा नंबर, आणि तो दोनदा तपासा

प्रत्येक ब्रिटिश लष्करी विमानाला सिरियल नंबर असतो. पहिल्या महायुद्धात सुरुवातीला नुसते आकडे, मग एक इंग्रजी अक्षर आणि चारपर्यंत आकडे, दुसऱ्यात एक अक्षर-चार आकडे किंवा दोन अक्षरं-तीन आकडे. फोटोत बाजूला मोठ्या अक्षरात दिसतं ते स्क्वाड्रन कोड, तो सिरियल नंबर नव्हे, विमान गेलं की तीच अक्षरं दुसऱ्या विमानावर रंगवायचे.

डायरी टाइप करणारा क्लार्क दमलेला असायचा, आकडे उलटसुलट होतात. म्हणून फॉर्म ५४१ वरचा नंबर दुसऱ्या एका कागदाशी जुळवाच: फॉर्म ७८ म्हणजे विमान कुठल्या युनिटकडून कुठे गेलं त्याचं कार्ड, आणि फॉर्म ११८० म्हणजे अपघाताचं कार्ड, ही रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे मागता येतात. तुमच्या नंबरचं विमान त्या तारखेनंतर महिन्याभराने कुठेतरी मजेत उडताना दिसलं तर नंबर चुकलाय.

अमेरिकन विमान असेल, म्हणजे आसामातून चीनला हिमालय ओलांडून जाणारी ती 'हम्प' वाली वाहतूक वगैरे, तर मिसिंग एअर क्रू रिपोर्ट शोधा. १९४३ च्या मध्यापासून हे रिपोर्ट होते आणि एका रिपोर्टमध्ये विमानाचा नंबर, इंजिनचे नंबर, सगळ्या क्रूची नावं, शेवटचं कुठे दिसलं, हवामान, सगळं एकत्र मिळतं. ब्रिटिश कागदांवरून इकडे आलं की अगदी एसटीतून उतरून एसी बसमध्ये बसल्यासारखं वाटतं.

## ६. आता माणसाचं फोल्डर: पकडला, पळाला, मेला?

इथे सगळ्यात जास्त धीर लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश केससाठी 'एअर ८१' मालिका म्हणजे हवाई मंत्रालयाच्या कॅज्युअल्टी शाखेच्या फायली, एकेक घटना एकेक फाइल. त्यात घरच्यांची पत्रं, पुरल्याचे रिपोर्ट, साथीदारांचे जबाब असतात. या तारखेच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने खुल्या होतायत, म्हणून उशिराच्या वर्षाची फाइल कॅटलॉगमध्ये नसेल तर ती हरवली असं समजू नका.

कैदी झाला असेल तर तीन दरवाजे आहेत. पहिल्या महायुद्धासाठी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने कैद्यांची कार्डं आणि याद्या ऑनलाइन टाकल्यात, वेलिंकरांसारख्या केसमध्ये पहिला धक्का इथेच मारायचा, पण शोध मशीनने नाही, अक्षरवार कार्डांची पानं स्वतः उलटायची असतात आणि पायरी दोनमधली तुमची ती स्पेलिंगची यादी इथे जीव वाचवते. जपान्यांच्या कैदेसाठी नॅशनल अर्काइव्हजमधल्या 'डब्ल्यूओ ३४५' मध्ये (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस) जपान्यांनी केलेली कैद्यांची कार्डं आहेत. आणि सुटून परत आलेल्या कैद्यांनी भरलेले प्रश्नावलीचे कागद 'डब्ल्यूओ ३४४' मध्ये. हे तिसरं लोक विसरतात. तुमचा माणूस परत आला नसला तरी त्याच्याबरोबर तुरुंगात असलेला आला असेल, आणि त्याने लिहिलं असेल.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी बेपत्ता वैमानिक शोधायला खास पथकं नेमली होती, मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिस. गावोगाव फिरून, कबरी उकरून त्यांनी रिपोर्ट लिहिले. तुमच्या केसवर त्यांचा एक पानाचा जरी रिपोर्ट मिळाला तरी विमानाचं फोल्डर आणि माणसाचं फोल्डर पहिल्यांदा एकमेकांना भेटतं.

तपासून बघा: एकापेक्षा जास्त क्रूचं विमान असेल तर बाकीच्या प्रत्येकाचं नाव कॉमनवेल्थ कमिशनच्या डेटाबेसमध्ये टाका. कुणी एका ठिकाणी पुरलाय, कुणी दुसऱ्या, कुणी स्मारकावर, तर विमानातून काहींनी उड्या मारल्या असण्याची शक्यता आहे. साथीदार ऑस्ट्रेलियन किंवा न्यूझीलंडचा निघाला तर त्यांच्या देशांची जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह (ऑस्ट्रेलिया) आणि पेपर्स पास्ट (न्यूझीलंड) या साइटवर फुकट वाचता येतात आणि तिकडच्या गावच्या पेपरात त्या पोराबद्दल दोन परिच्छेद हमखास आलेले असतात. वेलिंकरांच्या बाबतीत हा मार्ग बंद, डॉल्फिन एका सीटचं विमान.

## ७. समोरच्या बाजूचे कागद आणि घड्याळाचा घोळ

शत्रूच्या पायलटने "मी पाडलं" असा दावा केलेला असतो आणि तो जुळवायचा मोह आवरत नाही. आवरा. एका दिवशी एकाच भागात तीन विमानं पडलेली असतात आणि पाच जणांचे दावे असतात. विमानाचा प्रकार, जागा आणि वेळ, तिन्ही जुळल्याशिवाय नाव लिहू नका.

वेळ जुळवताना आधी घड्याळं जुळवा. जून १९१८ मध्ये जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं. बर्मात तर त्याहून वाईट: युद्धकाळात भारतीय वेळ एक तास पुढे केली होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे, आणि जपानी सैन्य कुठेही असलं तरी टोकियोचं घड्याळ लावायचं, नऊ तास पुढे. अडीच तासांचा फरक. सकाळी आठची घटना जपानी कागदात साडेदहाला दिसणार. (आणि मुंबईत तेव्हा 'बॉम्बे टाइम' पण चालू होती, नेहमीच्या भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, ती डोकेदुखी सुदैवाने बर्मात नाही.) जपानी कागद त्यांच्या ऐतिहासिक नोंदींच्या केंद्राच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेत, इंग्रजीत शोधता येतं पण आतलं हाताने लिहिलेलं जपानी वाचायला माणूस लागतोच.

दाव्यांबद्दल एकच किस्सा पुरे. फ्रेंच पायलट-लेखक सेंट-एक्झुपेरी ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून लायटनिंग विमान घेऊन निघाला आणि गायब झाला. १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याच्या नावाचं ब्रेसलेट आलं, २००० मध्ये एका पाणबुड्याला अवशेष दिसले, २००३ मध्ये तुकडे वर काढले आणि एका तुकड्यावर कारखान्याचा नंबर मिळाला, २७३४. त्या नंबरवरून लष्करी सिरियल आणि तिथून पायलट, २००४ मध्ये विमान पक्कं झालं. मग २००८ मध्ये एक माजी जर्मन पायलट म्हणाला की मीच पाडलं. त्याला आधार देणारा त्या वेळचा कागद एकही नाही. म्हणजे विमानाचं फोल्डर भरलं, माणसाचं अजून अर्धं रिकामं आहे, इतक्या प्रसिद्ध माणसाचं.

## ८. नकाशा

आता कुठे नकाशा! पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश संदर्भ खंदकांच्या नकाशांवरून द्यायचे: आधी शीटचा नंबर, मग मोठ्या चौकोनाचं अक्षर, मग १ ते ३६ मधला हजार यार्डांचा चौकोन (काही ठिकाणी ३० पर्यंतच), मग त्याचा ए-बी-सी-डी पाव भाग, आणि शेवटी दोन आकडे, आधी पूर्वेकडे मग उत्तरेकडे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर हे नकाशे आजच्या नकाशावर बसवून ठेवलेत, संदर्भ सरळ शेतावर जाऊन पडतो.

भारत आणि ईशान्येसाठी टेक्सास विद्यापीठाने ठेवलेले जुने अमेरिकन लष्करी नकाशे, 'यू ५०२' मालिका, चांगले पडतात. गावांची नावं आजच्यापेक्षा वेगळी आणि गावं स्वतः हललेली असतात, विशेषतः डोंगरात झूम शेती (जंगल जाळून, जागा बदलत केलेली शेती) करणाऱ्या वस्त्या. नदीचा फाटा, टेकडीची उंची हे धरा, गावाचं नाव नको.

पायलटने दिलेला शेवटचा ठिकाणा ढगातून दिलेला असेल तर वीस-तीस किलोमीटरची चूक धरून चाला. एक टिंब नका काढू, वर्तुळ काढा.

## ९. जागेवर जायचंच असेल तर

खूप कमी केसेसमध्ये लागतं. लागलंच तर हे:

परवानगी आधी. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान पडलेली प्रत्येक जागा संरक्षित आहे, परवान्याशिवाय खणणं गुन्हा. अरुणाचलला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा सरकारी परवाना, वर स्थानिक गावबुढ्याची (गावप्रमुखाची) संमती, आणि सीमेजवळ असेल तर लष्कराचीही.

हात लावू नका. बॉम्ब आणि गोळ्या ऐंशी वर्षांनीही फुटतात. हाडं दिसली तर तिथेच थांबा, फोटो, ठिकाण, आणि पोलीस. 'हॉट ॲज हेल' नावाचं अमेरिकन बी-२४ बॉम्बर जानेवारी १९४४ मध्ये अरुणाचलात पडलं, २००६ मध्ये एका शोधकर्त्याला सापडलं, आणि अवशेष काढायला अमेरिकन पथक आलं थेट २०१५ मध्ये. इतका वेळ लागतो, आणि मधल्या काळात कुणी आठवण म्हणून एक तुकडा घरी नेला की ओळख पटवायचा तोच एकमेव नंबर त्यावर असू शकतो.

तुकड्यांवरचे नंबर मात्र जवळून फोटोत घ्या, पट्टी शेजारी ठेवून. प्रत्येक तुकड्यावर असतो तो बहुतेक पार्ट नंबर, तो प्रकार सांगतो, नेमकं विमान नाही. सुरुवातीच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या तुकड्यांचे नंबर '३००' ने सुरू होतात, ते बघून "आपलं विमान मिळालं" म्हणून नाचू नका, फक्त "एक स्पिटफायर" मिळालंय. नेमकं विमान ठरतं इंजिनच्या नंबरवरून किंवा कारखान्याच्या नंबरवरून.

## १०. १९४७ नंतरच्या केसेस

काश्मीर, ६२, ६५, ७१ यांचा रस्ता वेगळा कारण कागद आपल्या सरकारकडे आहेत. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण आणलं की युद्धाचे कागद सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुले करायचे, पण धोरण आणि हातात फाइल यात अंतर असतंच. नॅशनल अर्काइव्हज ऑफ इंडियाचं अभिलेख पटल पोर्टल आधी बघा. मग माहिती अधिकार, १० रुपये, ३० दिवस. अर्जात "माझ्या काकांची सगळी माहिती द्या" लिहिलंत तर सुरक्षेचं कलम दाखवून फाइल बंद होणार. त्याऐवजी नाव, नंबर, तारीख, युनिट टाकून एकेक ठरावीक कागद मागा, आणि २० वर्षांपेक्षा जुन्या माहितीला बरीच कारणं लागू होत नाहीत हे कलम ८(३) चा उल्लेख करून लिहा. सुरक्षेचं कारण मात्र त्यातूनही सुटत नाही, ते गृहीत धरा.

६५ आणि ७१ मधले ५४ बेपत्ता जवान सरकारी यादीत आहेत आणि त्यांची कुटुंबं पाच दशकं लढतायत, २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन बघून आले. या केसेसमध्ये तुम्ही नातेवाईक नसाल तर कुटुंबाला "मला काहीतरी मिळालंय" असा फोन करू नका. अर्धवट बातमीचा त्रास काय असतो हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

## ११. लिहून काढताना

प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा: कागदावर आहे, अंदाज आहे, घरची आठवण आहे. रंग वेगळे केलेत तर उत्तम. कागदावर असेल तर कुठला कागद, कुठली मालिका, कुठलं पान हे लगेच लिहा, नंतर लिहीन म्हटलं की गेलं, मी स्वतः एकच पान दोनदा पैसे देऊन विकत घेतलंय.

वेलिंकरांच्या केसमध्ये हे असं दिसेल: २३ स्क्वाड्रन, डॉल्फिन, ३० जूनचा मृत्यू, हँगार्डची कबर या चार गोष्टी पहिल्या रंगात. विमान नेमकं कुठल्या शेतात पडलं हे एकत्रीकरणाचा तक्ता आणि जर्मन बाजूचा कागद शेजारी येईपर्यंत दुसऱ्या रंगात, आणि तिथेच राहू द्यायचं.

नावाचं स्पेलिंग, वय किंवा तारीख कॉमनवेल्थ कमिशनच्या नोंदीत चुकलेली सापडली तर ती दुरुस्त करता येते, त्यांना त्या काळचा कागद लागतो, घरचं पत्र किंवा आठवण चालत नाही. जन्मदाखला, सर्व्हिस रेकॉर्ड, गॅझेटची नोंद यातलं काहीतरी स्कॅन करून पाठवा, आणि मराठी कागद असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा.